खंडेनवमीचं पाणी

माझा धाकटा भाऊ श्रीकांत वीस-बावीस वर्षं सिंगापूरला राहिला आणि दर दिवाळीच्या फोनवर म्हणत राहिला, "ताई, एकदा येऊन जा." मी गेले ती तो नसताना. २०१६च्या आषाढात, सकाळी ऑफिसला निघताना, दारात बूट घालायला तो वाकला आणि उठलाच नाही. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. डॉक्टर विमानात बसू देईनात. त्याचे दिवस त्याच्या बायकोने आणि मुलीने तिकडेच केले, अस्थीही तिकडच्याच समुद्रात सोडल्या. साताऱ्यात खुर्चीवर पाय लांब करून मी ते मोबाइलवर पाहिलं. चित्र मधेच अडकलं आणि पुन्हा सुरू झालं तेव्हा कलश रिकामा होता.

नवरात्र बसल्यावर पायाने परवानगी दिली आणि मी निघाले. बॅगेत भाजणी, मेतकूट, गोडा मसाला घेतला. लसणीची चटणी श्रीकांतसाठी असायची, म्हणून या खेपेस करायची नाही असं ठरवलं होतं. निघायच्या दिवशी सकाळी खोबरं किसायला घेतलं आणि केलीच.

सिंगापूरच्या विमानतळावर पायाखाली गालिचा आहे. माझ्या काठीचा आवाज होत नव्हता, त्यामुळे मला उगाचच आपण हळू चालतोय असं वाटत राहिलं. बाहेर वसुधा उभी होती. श्रीकांतची बायको. ती रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत ऑडिटचं काम करते. नेहमी नीटनेटकी असते, तशीच होती, फक्त घड्याळाचा पट्टा मनगटावर सैल झाला होता. आम्ही एकमेकींना धरून उभ्या राहिलो. मग ती म्हणाली, "चला ताई, गाडी लांब लावलीय, तुम्ही इथेच थांबा, मी घेऊन येते."

ती गाडी श्रीकांतची. करड्या रंगाची, जपानी, जुनी. पण आत बसल्यावर ती चालू आहे की बंद हे कळू नये इतकी शांत. दोन्ही बाजूंना पर्जन्यवृक्षांच्या फांद्यांचं छत होतं आणि खाली रस्ता नुकताच कुणी पुसून घेतल्यासारखा. वसुधाने वाटेत सांगितलं की या देशात गाडी ठेवायची परवानगी दहा वर्षांपुरती मिळते. मुदत संपली की ती पुन्हा भरमसाट भावाने घ्यायची, नाहीतर गाडी मोडीत द्यायची.

"हिची फेब्रुवारीत संपते," ती म्हणाली. "श्रीचं ठरलेलं होतं, शेवटच्या दिवसापर्यंत वापरायची."

त्यांचं घर पासिर रिसला, पूर्वेच्या टोकाला, समुद्राजवळ. सरकारी वसाहतीतली उंच इमारत. तळमजल्याला भिंती नाहीत, नुसते खांब आणि दगडी बाकं. त्याला व्हॉइड डेक (इमारतीखालची मोकळी जागा) म्हणतात. लग्नाचे मांडव तिथेच पडतात आणि प्रेतही तिथेच ठेवतात. श्रीकांतला तिथे ठेवलं होतं का, हे मी विचारलं नाही. गाड्या ठेवायला शेजारी वेगळी बहुमजली इमारत आहे. तिच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर, उघड्या आभाळाखाली, श्रीकांतची जागा. तिथून समुद्राची एक पट्टी दिसते.

पुतणी, इरा, युनिव्हर्सिटीत शिकते आणि क्लेमेंटीला खोली घेऊन राहते. क्लेमेंटी म्हणजे या बेटाचं दुसरं टोक. ती शुक्रवारी संध्याकाळी घरी येते. आठवडाभर घरात वसुधा आणि मी. मी ग्रंथपाल होते, गप्प बसण्याची मला सवय आहे. वसुधा सकाळी निघून गेली की मी मॉलमधल्या सार्वजनिक वाचनालयात जायचे. चपला-कपड्यांच्या दुकानांच्या वर वाचनालय, आणि ते भरलेलं. तिथल्या कपाटांवरून हात फिरवत मी दोन सकाळी काढल्या.

खंडेनवमी सोमवारी आली. वर्षाच्या आत घरात सण करायचा नव्हता. तोरण नाही, श्रीखंड नाही. पण रविवारीच वसुधा म्हणाली, "ताई, गाडीची पूजा तेवढी करू या का? श्रीने एकही वर्ष चुकवलं नव्हतं. आणि तिचं हे शेवटचंच."

मी म्हटलं, "करू या. हत्याराची पूजा म्हणजे काही सण नव्हे."

लिटल इंडियाला जाऊन झेंडू आणला. सोमवारी सकाळी वसुधाने ऑफिसात उशिरा येणार म्हणून कळवलं. गाड्यांच्या त्या इमारतीत एका मजल्यावर गाडी धुण्यासाठी नळ आणि मोरी केलेली आहे. बाहेर कुठे धुतलेली चालत नाही. तिने गाडी तिथे नेली, पदर खोचावा तसा ऑफिसचा सदरा वर बांधला आणि धुवायला लागली. मी फुलं धरून उभी होते. टप, काचा, चाकं. मग तिने बॉनेट उघडलं. आत आषाढापासूनची धूळ बसली होती. "शी, काय अवतार झालाय," असं म्हणून तिने तीही दोन-तीन तांबे पाणी ओतून काढली, वरवर पुसून घेतलं, इंजिनाला हळदकुंकू लावलं, अक्षता टाकल्या. मी हार जाळीला बांधला. चाकांखाली लिंबं ठेवली. तिने गाडी त्यांवरून पुढे घेतली तेव्हा ती किंचित अडखळली असं मला वाटलं. लिंबामुळे असेल.

या सगळ्या वेळात एक म्हातारे चिनी गृहस्थ हात मागे बांधून आमच्या पलीकडून चकरा मारत होते. लिम अंकल. जहाजदुरुस्तीच्या गोदीतून निवृत्त झालेले, व्यायाम म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ ही इमारत खालपासून वरपर्यंत चढतात. ते वसुधाला 'मिसेस श्री' म्हणतात. ते इंग्रजी बोलतात आणि वाक्याच्या शेवटी 'ला' लावतात, आपण 'की' किंवा 'रे' लावतो तसा. त्यांचं बोलणं मी इथे मराठीत लिहिते, 'ला' तेवढा ठेवते.

दसऱ्याच्या संध्याकाळी वसुधा मला समुद्रावर न्यायला निघाली. पहिल्याच सिग्नलला गाडी थरथरू लागली. आसन हलत होतं, आरसा हलत होता, आरशातलं मागचं जग हलत होतं. समोर इंजिनाचं चित्र असलेला पिवळा दिवा लुकलुकायला लागला. हिरवा सिग्नल पडल्यावर तिने दाबलं तर गाडी आचके देत पुढे गेली. साताऱ्यात गॅरेजवाले याला 'मिसिंग मारतेय' म्हणतात. आम्ही समुद्रावर न जाता परत आलो. वरच्या मजल्यावर लिम अंकल होतेच.

"पेट्रोल खराब आहे, ला," त्यांनी लांबूनच निकाल दिला.

"अंकल, नेहमीच्याच पंपावर भरलंय."

"मग पंप खराब आहे, ला."

बुधवारी गाडी वर्कशॉपला नेली. मीही गेले. शहराच्या कडेला नुसत्या वर्कशॉपांच्याच इमारती असतात, मजल्यावर मजले. एका तरुण मेकॅनिकने एक यंत्र जोडलं, पडद्यावर काहीतरी वाचलं. चार सिलिंडरपैकी एक पेटत नाही, म्हणाला. कुठला ते यंत्र धड सांगेना, कधी एक म्हणे, कधी दुसरा. त्याने फार सभ्यपणे विचारलं, "अलीकडे काही केलंत का? काही बदललं? पेट्रोल, बॅटरी? इंजिन धुतलं?"

"नाही," वसुधा म्हणाली. "काहीच नाही."

मी शेजारीच उभी होते. मीही मान हलवली.

तो म्हणाला, आज हातात फार गाड्या आहेत, सोडून जा, पुढच्या आठवड्यात उघडून बघतो. पण मोडीत जायला चारच महिने राहिलेत, कॉइल गेले असतील किंवा आतलंच काही असेल, इतक्यासाठी खर्च करू नका असं माझं मत. वसुधाने मान डोलावली, किल्ली घेतली आणि आम्ही तशाच थरथरत घरी आलो.

गुरुवारी दुपारी मी एकटीने एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, रॅफल्स प्लेसला गेले, वसुधाबरोबर जेवायला. उंच बँका आणि त्यांच्या पायाशी मोठं जुनं हॉकर सेंटर (अनेक छोट्या खाणावळींचं छपराखालचं जेवणघर). लोक टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवून निघून जातात. त्याचा अर्थ जागा धरली. ते पाकीट कुणी उचलत नाही, त्या जागेवर कुणी बसत नाही. मला त्याचं फार नवल वाटलं. एस.टी.त आपण खिडकीतून रुमाल टाकतो, पण वर भांडणही करावं लागतं. मी काया टोस्ट मागवला, नारळाचा गोड मुरंबा लावलेला. अर्धा खाल्ल्यावर वसुधा म्हणाली, "ताई, त्यात नारळाबरोबर अंडंही असतं हं." मी उरलेला अर्धाही खाल्ला. आता काय उरलं होतं?

मग तिने सांगितलं, "मी ठरवलं. शनिवारी टो करणारा येतोय. गाडी मोडीत देऊन टाकते."

"इतक्यात?"

"कशाला लांबवायचं?" ती चमच्याने भात सारखा करत होती. "माझं काम काय आहे माहितेय ना? आकडे चुकले की मी लोकांना एकच प्रश्न विचारते, शेवटचं बरोबर होतं तेव्हापासून काय बदललं? काहीतरी बदललेलं असतंच. इथे काही नाही. ती संपलीच असणार."

त्या संध्याकाळी ती ऑफिसातून वेळेवर निघाल्याचा निरोप आला, पण घरी आली नाही. आमटी दोनदा गरम केली. मग मी लिफ्टने खाली उतरले आणि गाड्यांच्या इमारतीत गेले. गाडीच्या काचा बंद होत्या, इंजिन बंद, आणि ती चालकाच्या जागेवर बसून रडत होती. मी मागे फिरणार तेवढ्यात तिने पलीकडचं दार उघडलं. बसले.

"रोज येते मी इथे," ती म्हणाली. "सुट्टीला वर इरा असते, आता तुम्ही असता. कुणी नसलं तर भिंतीपलीकडचे लोक असतात. ऑफिसात सगळीकडे काचाच. इथे बसते, रडून घेते, तोंड पुसते, वर येते. शनिवारनंतर कुठे बसायचं ते बघायला हवं."

हे ती ऑफिसातल्या बैठकीची खोली बदलावी लागणार असल्यासारखं म्हणाली. समुद्रावर नांगर टाकलेल्या जहाजांचे दिवे लागले होते.

"फेब्रुवारीत ती जायचीच होती, ताई. मुदतीने गेली असती तर मी काही म्हटलं नसतं. पण दहा वर्षं त्याच्या हातात धड होती. माझ्या हातात आली आणि मोडली. तोही माझ्याच समोर..." तिने स्टिअरिंगवरून हात फिरवला. "महिनाभर जिना चढताना थांबायचा तो. मला वाटलं, वजन वाढलंय."

मी म्हटलं, "आमटी गार होतेय." आम्ही वर गेलो.

शुक्रवारी इरा आली. बापासारखीच रुंद कपाळाची. मला येऊन बिलगली, "आत्या, तू किती बारीक झालीस!" आणि जेवताना आईवर घसरली.

"बाबाने टेन इयर्स चालवली. तू थ्री मंथ्स, आणि स्क्रॅप? हाऊ कॅन?"

"इरा, मेकॅनिक म्हणाला..."

"ही डिडन्ट इव्हन ओपन इट, आई! तू नेहमी अशी. कुणी एकदा नो म्हटलं की फिनिश."

वसुधाने ताट उचललं आणि आत गेली. मी इराला म्हटलं, "पुरे." तिने डोळे पुसले आणि लसणीची चटणी नुसतीच खात बसली.

शनिवारी सकाळी आम्ही तिघी गाडी रिकामी करायला गेलो. आत माणसाचं किती काय काय असतं. वाचायचा चष्मा, सुटी नाणी, बडीशेपेची डबी, पंक्चरचं सामान, पान्यांचा संच, तीन छत्र्या. इरा एकेक वस्तू पिशवीत टाकत होती. लिम अंकल चकरा मारत आले आणि जाळीवरच्या हारापाशी थांबले.

"फुलं सुकली. सोमवारपासून बघतोय. कुणाचं लग्न होतं का?"

"लग्न नाही अंकल," वसुधा म्हणाली. "वर्षातून एकदा आम्ही कामाच्या वस्तूंची पूजा करतो. श्री करायचा, तुम्ही पाहिलंय."

"पाहिलंय ना. फडकं घेऊन तास तास काहीतरी पुसायचा. मग मला एक पिवळी मिठाई द्यायचा. पण म्हणजे नक्की काय करता?"

परक्या माणसाला सांगायचं म्हणून तिने पहिल्यापासून सांगायला घेतलं, बोटांवर मोजत. "आधी गाडी धुवायची. मग पुढचं झाकण उघडायचं. इंजिनावर पाणी घालून..."

ती थांबली. बोट तसंच धरलेलं होतं.

"इंजिनावर पाणी?" अंकल म्हणाले.

"ताई," वसुधा माझ्याकडे वळली. "त्याने विचारलं होतं. इंजिन धुतलं का, असं त्याने स्पष्ट विचारलं होतं. आणि मी नाही म्हटलं."

"मीही म्हटलं," मी म्हणाले.

आम्ही खोटं बोललो नव्हतो. आम्ही इंजिन धुतलं नव्हतंच, पूजा केली होती. पूजेने काही बिघडेल हे आमच्या दोघींच्या डोक्यात शिरायला जागाच नव्हती. आणि मला तर कळायला हवं होतं. आमच्या वडिलांची पिठाची गिरणी होती. खंडेनवमीला ते जातं, वजनं, डबे सगळं धुवायला लावत, पण मोटरीजवळ कुणी तांब्या नेला की तिथूनच ओरडत. मोटरीला फक्त कोरडं फडकं. श्रीकांत तेच करत होता. वसुधाने वरच्या खिडकीतून लांबून पाहिलेलं, तिला ते धुणं वाटलं.

"किती पाणी?" अंकलनी विचारलं. तिने हातांनी तांब्याचा आकार दाखवला, मग तीन बोटं.

"अय्यो, मिसेस श्री! इंजिन आंघोळ करत नाही, ला!"

इरा एकदम हसली. श्रीकांतच्या घरात पोचल्यापासून मी ऐकलेलं ते पहिलं हसू.

मग सगळ्यांना घाई झाली. टो करणारा दुपारच्या आत यायचा होता. बॉनेट उघडलं. इंजिनाच्या डोक्यावर एका रांगेत प्लगला वीज देणारे चार काळे कॉइल बसवलेले असतात. प्रत्येकाखाली एक खोल विहीर आणि विहिरीच्या तळाशी प्लग, ज्याची ठिणगी पेट्रोल पेटवते. चार विहिरी, चार रबरी झाकणं. दहा वर्षांनी ती रबरं कडक होऊन फटीतून पाणी आत गेलं असणार, असं अंकल म्हणाले. यंत्र काहीही म्हणो, आजारी कोण ते आपण कानाने शोधू. वसुधाने इंजिन बंद ठेवून पहिल्या कॉइलची वायर काढली, मग चालू केलं. आवाज आणखीच बिघडला, गाडी गदगदा हलली.

"म्हणजे हा कामावर होता. जोडा परत," अंकल म्हणाले.

दुसरा. तसंच. तिसऱ्याची वायर काढली आणि इंजिन चालू केलं, तर आवाजात काही फरकच पडला नाही. आधी जेवढी थरथर होती तेवढीच.

"हा बघा!" अंकलनी बोट रोखलं. "हा बसून पगार खातोय."

इराने बापाच्या संचातून दहाचा पाना शोधला. वसुधाने बोल्ट काढून कॉइल वर ओढला. चिखलातून पाय निघावा तसा आवाज झाला. मोबाइलच्या उजेडात सगळ्यांनी डोकी घातली. विहिरीत पाणी होतं. प्लगच्या मानेपर्यंत, तांबूस, स्वस्थ उभं. आतली ठिणगी सिलिंडरपर्यंत न पोचता त्या पाण्यातूनच पळून जात होती.

"गंज," अंकल म्हणाले.

"कुंकू," वसुधा म्हणाली.

"आत्ता प्लगला हात लावायचा नाही," अंकलनी बजावलं. "काढलात तर सगळं पाणी इंजिनाच्या पोटात. आधी विहीर कोरडी."

तेवढ्यात वसुधाचा फोन वाजला, तो इराने उचलला. टो करणारा खाली आला होता. त्याची गाडी उंच, या इमारतीत शिरत नव्हती. गाडी तुम्हीच खाली आणून द्या, म्हणाला. इरा त्याला म्हणाली, "अंकल, टेन मिनिट्स, कॅन? तुम्ही कोपी प्या ना." कोपी म्हणजे इथली दाट, गोड कॉफी. ती आईसारखीच शांत आवाजात बोलली.

ती धावत घरी गेली आणि चॉपस्टिकच्या काड्या घेऊन आली. फडकं मात्र आणलं नव्हतं. वसुधाने गाडीतून काढलेल्या सामानाच्या पिशवीत हात घातला आणि श्रीकांतचं जुनं बनियन काढलं. ते तो गाडी पुसायला ठेवायचा. तिने ते एकदा नाकाशी नेलं, मग टरकन फाडलं, पट्टी काडीला गुंडाळली आणि विहिरीत घातली. ओली झाली की पिळायची, पुन्हा घालायची. मी पट्ट्या फाडून देत होते. शेवटचं थेंबभर निघेना तेव्हा अंकलनी स्वतःच्या सायकलचा पंप आणला, नळी आत सोडली आणि जोर केला. सगळं पाणी उलटं त्यांच्याच तोंडावर उडालं. कपाळावर तांबूस टिपके.

"आता माझीही पूजा झाली, ला," ते चष्मा पुसत म्हणाले.

चौथ्या विहिरीतही थोडा ओलावा निघाला, तोही टिपला. कॉइलचं रबर पुसलं, उन्हात धरलं, अंकलनी त्याला बोटभर ग्रीस लावलं. सगळं पुन्हा जागच्या जागी. इराने वायरी दोनदा तपासल्या. वसुधा आत बसली. किल्ली फिरवण्याआधी तिने खिडकीतून माझ्याकडे पाहिलं.

इंजिनाने दोन आचके दिले. एक पांढरट फुस्कारा मागून निघाला. मग थरथर पातळ होत गेली आणि गेली. आवाज एका रेषेत आला. मी बॉनेटवर हात ठेवला, तेव्हा कुठे ती चालू आहे हे कळलं. पिवळा दिवा लुकलुकायचा थांबला, पण नुसताच लागून राहिला. तो दोन दिवसांनी आपोआप विझला.

वसुधा रडली नाही. "बसा," म्हणाली. आम्ही बसलो, सुकलेला हार अजून जाळीवर होता. गोल गोल उतरत खाली आलो. फाटकाशी टो करणारा कॉफीची पिशवी बोटाला अडकवून उभा होता. इथे कॉफी दोरी लावलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत देतात, वर नळी.

"ही?" तो वाकून म्हणाला. "पण ही तर चालतेय."

"हो," वसुधा म्हणाली. "चालतेय. तुम्हाला उगाच फेरी पडली, सॉरी."

तो थोडा कुरकुरला, मग नळी तोंडात धरून बाजूला झाला.

वसुधा गाडी थेट चांगीच्या किनाऱ्याला घेऊन गेली. श्रीकांतला जिथे सोडलं ती हीच जागा, मी पाहिली नव्हती. पाणी करडं, संथ. क्षितिजावर मालाची जहाजं रांगेत थांबलेली, आणि डोक्यावरून दर थोड्या वेळाने विमान उतरत होतं. मी चपला काढून पाण्यात उभी राहिले. मोबाइलवर त्या दिवशी जे दिसलं नव्हतं, ते इथे दिसण्यासारखं नव्हतंच. पाणी होतं फक्त. माझ्या गुडघ्याला ते बरं वाटलं.

वसुधा शेजारी येऊन उभी राहिली. "आता फेब्रुवारीत नेईन तिला," म्हणाली. "मीच चालवत नेईन. टो नको." थोड्या वेळाने म्हणाली, "पण त्याचं तरी, ताई... मला कळायला नको होतं?"

मी शब्द शोधले. जन्म पुस्तकांत काढला, पण जे सापडलं ते अगदी साधं होतं. "मेकॅनिकला पण उघडल्याशिवाय कळलं नसतं, वसुधा. आणि श्रीला कोण उघडून बघणार होतं? तोच सांगत नव्हता."

इरा मागे वाळूवर बसली होती. आम्ही तिच्याकडे गेलो.

मी आणखी थोडे दिवस राहिले. त्यांतला रविवार वसुधाने आम्हाला फिरवण्यात घालवला. गाडी सिग्नलला उभी राहिली की आम्ही तिघी आपोआप गप्प व्हायचो आणि ऐकायचो. मग इरा म्हणायची, "ओके ला," आणि बोलणं पुढे सुरू व्हायचं.

परत आल्यावर लोकांनी विचारलं, सिंगापूरला काय काय पाहिलंस? मोठी बाग पाहिलीस का, समुद्रावरचं ते हॉटेल पाहिलंस का? लांबून पाहिलं, असं मी सांगते. ते खरं आहे. एखाद्या देशाबद्दल लिहायला मी फार थोडं पाहिलं. पण आपलं माणूस जिथे इतकी वर्षं राहिलं ते गाव म्हणजे मला त्याची वस्तू वाटायची, त्याच्याबरोबर गेलेली. तसं नाही. तिथे माणसं सकाळी चकरा मारतात, दुसऱ्याच्या इंजिनात डोकं घालतात, कॉफी पिशवीत घेऊन वाट बघत उभी राहतात. श्रीकांत त्यांतला एक होता. हे मला तिथे गेल्याशिवाय कळलं नसतं, आणि तो असताना गेले असते तर बहुधा लक्षातही आलं नसतं.

फेब्रुवारीच्या शेवटी वसुधाचा फोन आला. गाडी देऊन आले, म्हणाली. स्वतः चालवत यार्डापर्यंत गेली. वाटेत खूप सिग्नल लागले, एकदाही थरथरली नाही. तिथल्या माणसाने किल्ली घेतली, इंजिन चालू करून क्षणभर ऐकलं आणि म्हणाला, चांगली ठेवली होती.

"मग?" मी विचारलं.

"मग एमआरटीने घरी आले. गर्दी होती. माझ्याकडे बघून एका मुलीने उठून जागा दिली." मग म्हणाली, "मी रडत होते ना. सगळ्यांच्या समोर, ताई. आपलं स्टेशन येईपर्यंत."